कारकुनाचा मुलगा आणि नाडगीरांचा वाडा

हुबळीहून हरिहरच्या बाजूस जाणाऱ्या आगगाडीत बसावे. दोन्ही अंगांस काळ्या जमिनीचे सपाट रान, त्यात कापूस आणि मिरची. आणि जरा टेकून बसतो न बसतो तोच कुंदगोळ येते. गावात शंभुलिंगाचे चालुक्यकालीन देऊळ आहे. ते पाहण्यास शिल्पाचे अभ्यासक येतात. पण गाणे ऐकणारा मनुष्य स्टेशनावर उतरला की तो नाडगीरांच्या वाड्याची वाट विचारतो. कानडीत नाडिगेर, आपल्या तोंडी नाडगीर. हुबळी-धारवाडकडील जुन्या मराठी घरांतून हे नाव मुद्दाम सांगावे लागत नाही. आजोबा-पणजोबांपैकी कोणी ना कोणी एखादी रात्र त्या वाड्यात मांडी घालून काढलेली असतेच.

कुंदगोळ हे जमखंडी संस्थानातले गाव. संस्थानचा मुख्य मुलूख कृष्णेकडे आणि हा तुकडा इकडे, हुबळीच्या पायथ्याशी, मधे सगळा इंग्रजी अंमल. जमखंडीचे राजे पटवर्धन, त्यामुळे दप्तर मराठी आणि बाजार कानडी, असा तिथला जुना रिवाज. नाडगीर हे तिथले वतनदार घराणे. वाडा तीनशे वर्षांचा आहे असे म्हणतात. जाड भिंती, लाकडी खांब, पन्नास-शंभर माणसे सहज मावतील अशी बैठकीची जागा. बाहेरून पाहाता आपल्या कोणत्याही देशमुखी वाड्याहून त्यात वेगळे काही नाही. वेगळे आहे ते आत, आणि तेही हाताला लागण्यासारखे नाही.

विलायतेत खेडोपाडी उमरावांची मोठमोठी घरे आहेत. १८९४ साली तिकडे वारसाहक्काच्या मिळकतीवर जबर कर बसला, पुढे युद्धे झाली, आणि ही घरे राखणे मालकांस जड जाऊ लागले. पुष्कळ पाडली गेली. उरली त्यांतली काही नॅशनल ट्रस्ट नावाच्या संस्थेने ताब्यात घेतली. १९३७ साली तिला तसा कायद्याचा आधारही मिळाला. आता तिकीट काढून लोक ती पाहतात. प्रत्येक खुर्चीची, रुप्याच्या प्रत्येक ताटाची, भिंतीवरच्या प्रत्येक तसबिरीची यादी छापलेली असते. कोणती चिनी बरणी कोणत्या साली आणली आणि तिसऱ्या उमरावाने कोणत्या चित्रकारास बसवून घेतले, हे सर्व त्यात सापडते. असे एक पुस्तक चाळताना मला सारखे वाटत होते, या भिंतींवर घरधनी आहे, त्याची बायको आहे, त्याचा घोडा आहे, कुत्राही आहे. पण त्या जमिनीचा जमाखर्च लिहिणाऱ्या कारकुनाच्या मुलाची तसबीर कुठे असेल काय?

कुंदगोळच्या वाड्यात ती आहे. नुसती आहे असे नव्हे, तर वाडा आज ओळखला जातो तो त्या मुलाच्या नावाने.

हा मुलगा म्हणजे रामचंद्र गणेश सौंशी. सौंशी हे जवळच्याच गावाचे नाव. जगाला ते प्रथम रामभाऊ कुंदगोळकर म्हणून आणि मग सवाई गंधर्व म्हणून ठाऊक झाले. जन्म १९ जानेवारी १८८६. वडील गणेशराव नाडगीरांच्या पदरी कारकून. संस्थानी मुलखात कारकुनी म्हणजे काय हे आपल्या वाचकांस सांगायला नको. प्रतिष्ठा असते, पण ती धन्याच्या प्रतिष्ठेची सावली. पोटापुरते मिळते, पण पोरांनी शिकून दुसरी वाट धरावी अशी बापाची इच्छा असते. गणेशरावांचीही तीच असली पाहिजे, कारण मुलाला त्यांनी हुबळीच्या इंग्रजी शाळेत घातले. मुलगा रोज आगगाडीने हुबळीस जाई आणि परत येई.

शाळेतल्या शिक्षणापेक्षा गाणे अधिक भेटले. बळवंतराव कोल्हटकर यांच्याजवळ रामभाऊंचे पहिले पाठ झाले. सुमारे ७५ ध्रुपदे, २५ तराणे आणि शंभरेक द्रुत चिजा एवढी पुंजी त्या वयात त्यांनी मिळवली असे सांगतात. १८९८ साली कोल्हटकर वारले. बारा वर्षांच्या पोराजवळ मोठ्या माणसाला पुरेल एवढा संग्रह झाला होता. पण तो संग्रहच होता. चिजा पाठ असणे निराळे आणि गाता येणे निराळे, हे शिकवायला अजून कोणी भेटायचे होते.

तो माणूस वाड्याच्या दारानेच आला. उत्तरेचे गाणे कर्नाटकाच्या या पट्ट्यात इतके कसे रुजले, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याची कारणे विद्वान लोक बरीच देतात. मला त्यांतले साधे कारण पटते, ते म्हणजे रस्ता. म्हैसूरचा दसरा हा त्या काळी गवयांचा मोठा आश्रय. मिरज-कोल्हापूरकडून म्हैसूरला जाणाऱ्याला हुबळी-धारवाडवरून जावे लागे. जाता-येता मुक्काम पडत, मुक्कामात बैठका होत, बैठकांतून शिष्य मिळत. त्यात मराठी नाटक मंडळ्यांचे दौरे असत. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात खुद्द भास्करबुवा बखले काही काळ गाण्याचे शिक्षक होते. असा सगळा योग होता. कुंदगोळच्या रंगनगौडा नाडगीरांना गाण्याचा षोक दांडगा, आणि षोकाबरोबर पाहुणा ठेवून घेण्याची ऐपतही. अब्दुल करीम खाँ म्हैसूरच्या वाटेवर त्यांच्याकडे उतरत.

खाँसाहेब मूळचे किराण्याचे. बडोद्याचा दरबार सोडून ते दक्षिणेत आले आणि पुढे मिरजेचेच झाले. त्यांचा आवाज बारीक, टोकदार, सुराला चिकटून राहणारा. ज्याने तो ऐकला त्याला दुसरे गाणे काही दिवस कानाआड होई. वाड्यात त्यांची बैठक झाली, कारकुनाच्या मुलाने ती ऐकली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो खाँसाहेबांचीच भैरवीतली ठुमरी आपल्याशी गुणगुणत असता खाँसाहेबांच्या कानी पडला, अशी हकिकत कुंदगोळात सांगतात. हकिकतींना पदर फुटतात हे खरे. पण रंगनगौडांनी शब्द टाकला आणि खाँसाहेबांनी मुलाला पत्करले, एवढे त्यात पक्के आहे. अट एक घातली. निदान आठ वर्षे जवळ राहावे लागेल.

आठ वर्षे! माझ्या वर्गात येणारी मुले तिसऱ्या महिन्यात नवा राग मागतात आणि त्यांचे आईबाप सहाव्या महिन्यात परीक्षा. त्यांना मी ही अट सांगतो तेव्हा ती मुले माझ्याकडे पाहतात, आणि मी वहीत दुसरा राग लिहून देतो. असो.

कारकुनाच्या घराला ही अट जड होती. मुलगा शिकून नोकरीला लागेल ही आशा तिथे संपली. बापाने ती सोडली याचे श्रेय गणेशरावांना कोणी देत नाही, पण ते द्यायला हवे.

खाँसाहेबांची तालीम म्हणजे चिजांचा पाऊस नव्हे. मोजके राग, पण एकेक स्वर जागेवर बसेपर्यंत पुढे पाऊल नाही. कोल्हटकरांकडून आणलेल्या शंभर चिजांचे इथे काही चालले नाही. त्यात रामभाऊंचा गळा देवाने दिलेला नव्हता. खाँसाहेबांचा आवाज तारेसारखा, तर शिष्याचा भरड, लवकर न वळणारा. तो तापायला वेळ लागे. पुढे मोठे नाव झाल्यावरही बैठकीच्या सुरुवातीला त्यांचा आवाज लागत नसे आणि नवखा श्रोता चुळबुळ करी. अर्ध्या-पाऊण तासाने मात्र तोच आवाज असा काही उघडे की उठून जाण्याची बिशाद नसे. ज्याला जन्मतः गोड गळा मिळतो तो तानेवर जातो. ज्याला मिळत नाही त्याला स्वर घडवावा लागतो. रामभाऊंनी तो घडवला, आणि घडवताना प्रत्येक सांधा त्यांना कळला. पुढे ते एवढे मोठे शिक्षक झाले, त्याचे मूळ मला या अडचणीतच दिसते.

मग आली नाटके. खाँसाहेबांची इच्छा नसताना रामभाऊंनी नाटक मंडळीची वाट धरली. नाट्यकलाप्रवर्तक मंडळीत ते गाजले. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत, आणि किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’तील सुभद्रा ही त्यांची नावाजलेली भूमिका. अमरावतीच्या मुक्कामात दादासाहेब खापर्डे यांनी त्यांचे काम पाहिले. खापर्डे हे वऱ्हाडचे पुढारी, टिळकांचे स्नेही आणि जातिवंत रसिक. नारायणराव राजहंस तेव्हा बालगंधर्व म्हणून महाराष्ट्राच्या गळ्यातले ताईत झाले होते. खापर्ड्यांनी रामभाऊंना सवाई गंधर्व म्हटले. सवाई म्हणजे सव्वापट. पदवी गौरवाची खरी, पण तिच्यात तुलना आहे आणि तुलनेचे ओझेही. रूप आणि लाघव यांत बालगंधर्वांशी बरोबरी कोणाचीच नव्हती. रामभाऊ रंगभूमीवर उभे राहात ते गाण्याच्या जोरावर.

गुरूची विद्या नाटकात नेऊन त्यांनी ती हलकी केली, असा आक्षेप घेणारे लोक होते. आमच्या घरी दरबारी गाण्याची परंपरा, त्यामुळे हा आक्षेप मी लहानपणापासून ऐकलेला आहे. दरबारी गवयाला नाटकवाल्याचे नेहमीच थोडे वावडे. पण विचार करावा. कारकुनाच्या मुलाला संस्थानची नेमणूक मिळणार नव्हती, घरची शेतीवाडी नव्हती, आणि नुसत्या बैठकांवर तरुण गवयाचे घर चालण्याचे दिवस नव्हते. कंपनीत महिन्याला पगार होता, दोन वेळचे जेवण होते. शिवाय एक गोष्ट आक्षेप घेणारे विसरतात. नाटकात पद गायचे ते पाच-दहा मिनिटांत, पिटातल्या गाडीवानापासून खुर्चीतल्या मामलेदारापर्यंत सर्वांना पोचेल असे. आवाज भरड असलेल्या माणसाला ही शाळा कामास आली असलीच पाहिजे. तरी गुरूचे मन दुखवून गेलेल्या शिष्याला त्याची किंमत द्यावी लागते. रामभाऊंची उमेदीची वर्षे गावोगावच्या नाट्यगृहांत, प्रवासात आणि जागरणांत गेली. ज्या वयात खाँसाहेबांची गायकी घेऊन त्यांनी हिंदुस्थानभर बैठका करायच्या, त्या वयात ते पातळ नेसून उभे होते. हे नुकसान झाले. ते झाकण्यात अर्थ नाही.

१९३१ साली बोलपट आला, पुढच्याच वर्षी मराठी बोलपट आला, आणि संगीत नाटक मंडळ्या एकामागून एक बसल्या. रामभाऊ तेव्हा पंचेचाळिशीत होते. तिथून पुढची दहाएक वर्षे त्यांच्या बैठकीच्या गाण्याची. याच काळातल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका आज आपल्याजवळ आहेत, एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांच्या. शंकरा ऐकावा, भैरवी ऐकावी. आवाज तापायला ज्याला पाऊण तास लागे, त्याला तीन मिनिटांत बसवले आहे, हे ध्यानात धरून ऐकावे. सूर लावण्याची ठेवण खाँसाहेबांची, पण तिच्यात खाँसाहेबांच्या गाण्यात नव्हता असा पुरुषी जोर आणि तानेचा लोट आहे. नाटकात शिष्य गुरूपासून दुरावला म्हणणाऱ्यांना हे तबकडीवरचे उत्तर पुरेसे आहे. खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असता, सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर वारले. त्यांना मिरजेस आणून दफन केले.

त्याच सुमारास रामभाऊ कायमचे कुंदगोळात येऊन राहिले. जिथे बाप कारकुनी करीत होता, तिथे मुलगा गुरू म्हणून परत आला.

शिकायला कोण आले? हुबळीहून गंगूबाई हनगल येत. त्यांनी पूर्वीही रामभाऊंचे थोडे शिक्षण घेतले होते, पण गुरू कंपनीबरोबर फिरतीवर, त्यामुळे ते तुटक राहिले होते. आता त्या संध्याकाळच्या गाडीने कुंदगोळला येत, शिकत, आणि रात्रीच्या गाडीने परत जात. चाळीस वर्षांपूर्वी रामभाऊ ज्या मार्गाने शाळेला गेले, त्याच मार्गाने उलट दिशेला. स्टेशनापासून गावात एकट्या बाईने रात्री चालत जाणे-येणे, आणि लोकांचे बोलणे ऐकून न ऐकल्यासारखे करणे, हे त्या काळी सोपे नव्हते. एकेक पलटा दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे घोटून घेतल्याशिवाय रामभाऊ पुढे जात नसत. आठ वर्षांच्या अटीत जे मिळाले तेच ते त्याच मापाने देत होते.

दुसरा आला तो गदगचा एक पोर, घरून पळालेला, ग्वाल्हेर-रामपूर-जालंधर अशी वणवण करून दमलेला. जालंधरला विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला सांगितले की तुझा गुरू तुझ्या घराजवळच आहे. १९३६ साली भीमसेन जोशी रामभाऊंच्या दारी आले. प्रारंभी बरेच दिवस गाणे नाही. पाणी भरायचे, घरकाम करायचे. मग सकाळी तोडी, दुपारी मुलतानी, संध्याकाळी पूरिया. तीन राग घेऊन पोराला वर्षानुवर्षे बसवले. गंगूबाईंना रात्री स्टेशनापर्यंत सोबत करण्याचे कामही त्याच्याकडे असे, असे सांगतात. कुंदगोळच्या त्या अंधाऱ्या रस्त्याने किराण्याच्या गाण्याची पुढची साठ-सत्तर वर्षे चालत जात होती, आणि गावाला त्याची खबर नव्हती. मुंबईहून फिरोज दस्तूर आले, पारशी, बोलपटात नाव झालेले. त्यांनीही याच गुरूचे गाणे जन्मभर सांभाळले.

म्हणजे पाहा, वाड्यात कारकुनाचा ब्राह्मण मुलगा किराण्याच्या मुसलमान उस्तादापाशी लागला, आणि त्याच्यापाशी गंगेमतस्थ कुळातली गंगूबाई, वैष्णव घरातले भीमसेन आणि पारशी दस्तूर शिकले. याचा गाजावाजा कोणी केला नाही. शिकायचे होते म्हणून शिकले.

हे सुख फार दिवस टिकले नाही. १९४० नंतर थोड्याच काळात रामभाऊंना अर्धांगवायूचा झटका आला. ज्या गळ्याने चाळीस वर्षे घासून सूर मिळवला होता तो बंद झाला. गवयाचा हात गेला तर तो गातो, पाय गेला तरी गातो. हा घाव नेमका तिथेच बसला. शिष्यांच्या गाण्यात काही चुकले तर ते कळत होते, पण गाऊन दाखवता येत नव्हते. शिकवणाऱ्याच्या नशिबी याहून वाईट काय यावे, हे मला सुचत नाही. १९४६ च्या जानेवारीत पुण्यास त्यांची षष्ट्यब्दीपूर्ती साजरी झाली. त्यात भीमसेन गायले आणि पुणेकरांनी त्यांना तिथून डोक्यावर घेतले. गुरू समोर बसून ऐकत होता. १२ सप्टेंबर १९५२ रोजी रामभाऊ पुण्यात वारले. पुढच्या वर्षीपासून पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला. त्याची हकिकत सर्वांस ठाऊक आहे, ती इथे नको.

वाड्याचे पुढे काय झाले? १९४८ साली संस्थान विलीन झाले. १९५० साली मुंबई राज्याने परगणे आणि कुळकर्णी वतने कायद्याने काढून टाकली. १९५६ साली हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, आणि १९७४ च्या कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याची झाली. ती व्हायला हवी होतीच. पण ज्या उत्पन्नावर गवई महिनामहिना पाहुणे राहात, ते उत्पन्न संपले हेही खरे. इंग्रज उमरावांवर कराने जे आणले ते आपल्या वतनदारांवर या कायद्यांनी आणले, आणि आपल्याकडे वाडे राखायला नॅशनल ट्रस्ट नव्हता. आपल्यापैकी किती जणांच्या घरचे चौसोपी वाडे या काळात गेले, खांब विकले गेले, माड्या उतरवल्या, हे ज्याचे त्याने आठवावे. त्यांत सूर लागलेल्या खोल्या किती होत्या याची नोंद कुठेच नाही. गंगूबाईंचे धारवाडच्या शुक्रवार पेठेतले जन्मघर संग्रहालय केले गेले, तरी त्यालाही मोडकळीतून वाचवणे सोपे गेले नाही.

नाडगीरांचा वाडा उभा राहिला, आणि त्या घराण्याने तो उभा ठेवला. गावात सवाई गंधर्वांच्या नावाची वास्तू झाली, हुबळीत देशपांडेनगरात त्यांच्या नावाचे सभागृह आहे. तरी पुण्यतिथीच्या सुमारास होणारी रात्रभराची बैठक वाड्यात व्हावी अशी जुन्या श्रोत्यांची ओढ असे. गंगूबाई आणि भीमसेन दोघेही पार म्हातारपणापर्यंत तिथे गात आले. गंगूबाई २००९ साली गेल्या, भीमसेन २०११ साली.

तिथल्या वस्तूंची छापील यादी कोणी केलेली नाही. करायची झाली तर खांब मोजता येतील, तसबिरी मोजता येतील, कोपऱ्यातले तंबोरे मोजता येतील. बैठक जिथे बसते तिथली लाकडे गाण्याला चांगली साथ देतात हे मात्र कोणत्या रकान्यात लिहावे? मी एकदा तिथे रात्र काढली आहे. भिंतीवर गवयांच्या तसबिरी, त्यांत कारकुनाचा मुलगा, फेटा बांधलेला, गंभीर. खाली जाजमावर शेतकरी, शाळामास्तर, हुबळीचे व्यापारी, कानडी आणि मराठी मिसळलेले बोलणे. पहाटे भैरवी झाली. मंडळी चहा घेऊन उठली आणि हुबळीच्या पहिल्या गाडीसाठी स्टेशनाकडे चालू लागली.